फुकटच्या फळीवरचं पान

सिद्धेशला पाहुण्यांसमोर बापाची थट्टा करायची हौस आहे. स्कॉटलंडहून अमेरिकेत, नेपरव्हिलच्या घरी परत आल्यापासून घरात कोणीही आलं, की चहाचा कप हातात येईतो ह्याचा किस्सा सुरू. शनिवारी कांचन आणि तिचा नवरा जेवायला आले, तेव्हाही तेच. मी पोळ्या लाटत होते. सगळं ऐकू येत होतं.

झालं काय, ते मी सांगते.

निघायच्या आधीच म्हटलं होतं, त्या आठवड्यात तुझ्या बाबांची तिथी आहे, मला नेऊ नका. तर म्हणाला, "आई, हॉस्टेलमध्ये किचन असतं. तू स्वयंपाक कर, मी आंघोळ करून पान दाखवतो. प्रॉमिस." म्हणून मी शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून पत्रावळी आणल्या, वड्यांचं पीठ बांधून घेतलं.

हॉस्टेल म्हणजे धर्मशाळाच, फक्त तोरा हॉटेलचा. एकावर एक पलंग, न्हाणीघर सगळ्यांत एक. दिवसभर गाडीत बसायचं नि डोंगर, तळी, मेंढ्या बघायच्या. तेही सोसलं. तिथीच्या दिवशी पहाटे उठून आंघोळ केली. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी केली. चव घेतली नाही, घ्यायची नसतेच. पान वाढून सिद्धेशला उठवलं. "आंघोळ कर, पान दाखव, घास बाहेर ठेव. मी साडी बदलून येते."

आले तर ओट्यावर पान नाही. कोपऱ्यात एक फळी होती. मुक्काम हलवणारे उरलंसुरलं तिथे ठेवतात, कोणीही खावं. तिथली पाटी मला वाचता येत नाही, त्याला येते. ह्यांचं पान त्या फळीवर, आणि सायकलवाले दोन पोरगे उभ्याउभ्या वडे खिरीत बुडवून खात होते. आमचे चिरंजीव पारोसेच, गाडीत बॅगा भरत होते.

"फेरीबोट चुकली असती, आई. आणि वाया थोडंच गेलं? लोकांनी आवडीनं खाल्लं."

त्या पोरांवर माझा राग नाही. भुकेले होते, त्यांनी खाल्लं. सून सुहासिनी ओल्या केसांनी आली, तिनं झाऱ्यातला शेवटचा वडा घेतला आणि कोणाला न विचारता बाहेर दगडावर ठेवून हात जोडले.

हे शेवटचं सिद्धेशच्या किश्शात नसतं.

शनिवारी त्यानं शेवट केला, "सो, बाबा स्कॉटलंडमध्ये एकदम पॉप्युलर." कांचनचा नवरा हसला.

"पुरे ना, सिद्धेश," सुहासिनी म्हणाली.

"अगं, आता आईलाही गंमत वाटते."

मी गॅस बंद केला, पिठाचे हात पुसले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बापाचं पान तू फुकटच्या फळीवर ठेवलंस, वर हसतोस. यापुढे ह्यांचं पान सुहासिनी दाखवेल. मी गेले की माझंही तीच दाखवेल. तू गाडीत बॅगा भर."