पात्यावरचं नाणं

चॅम्पियन झाल्यावर माणसं सुधारत नाहीत, जास्त नालायक होतात. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण मी त्यातलाच एक आहे. सेंत-एल्वा गावाच्या 'लाकूडतोडे' या आइस हॉकी संघाच्या स्केट्सना मी बावीस वर्षं धार लावतोय. खेळाडू आले गेले, कोच तर मोज्यांसारखे बदलले, पण स्टेडियमच्या तळघरातली ती खोली, धारेचं चाक आणि मी फिलियास, आम्ही तिघं हललो नाही.

गेल्या वसंतात आम्ही कप जिंकला. एकतीस वर्षांनी. कागद गिरणीचा भोंगा तासभर वाजत होता, पाद्रीसुद्धा ट्रकवर चढून नाचला. मिरवणूक संपल्यावर क्लबचा मालक नगरपालिकेच्या पायऱ्यांवर उभा राहिला, दुपारपासूनच प्यायलेला. आमचा कप्तान ओविला तेरिओ याच्या गळ्यात हात टाकून त्यानं अख्ख्या गावासमोर शब्द दिला, "पाच नंबरची जर्सी ओविलाची. त्याला वाटेल तोवर त्याची. याला बाहेर काढायची कुणाची छाती नाही."

ओविला तेव्हा सदतीस वर्षांचा. त्यानं माईक घेतला आणि म्हणाला, "मला कुणी काढायची गरज पडणार नाही. ज्या दिवशी माझे पाय सांगतील, बस झालं, त्या दिवशी मी आपणहून घरी जाईन. पण पुढच्या वसंतात हा कप इथंच परत आणायचा आणि मगच बूट काढायचे, असा विचार आहे." लोक रडले. मीही रडलो. त्यातलं पायांचं वाक्य एका माणसानं फार नीट लक्षात ठेवलं.

जिंकलेल्या प्रत्येक खेळाडूला उन्हाळ्यात कप एक दिवस घरी न्यायला मिळतो. कुणी त्यात बियर पितो, कुणी त्यात बाळ बसवून फोटो काढतो. ओविला त्याच्या दिवशी कप घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात आला. माझ्या बायकोनं, इर्मानं, त्यात डुकराच्या चरबीतले घेवडे ओतले, वर मेपलचा पाक, आणि आम्ही तिघांनी त्यातच चमचे घातले. खाऊन झाल्यावर त्यानं खिशातून कागद काढला. कपावर कोरायच्या नावांची यादी होती ती.

"सगळ्यात खाली बघ, म्हाताऱ्या."

खाली माझं नाव होतं. धारवाल्याचं नाव कपावर कोरत नाहीत, कधीच कोरलं नव्हतं. ओविलानं ऑफिसात जाऊन सांगितलं होतं की याचं नसेल तर माझंही नको. मी लाकडं बघून येतो म्हणून परसात गेलो आणि बराच वेळ तिथंच थांबलो.

मग हिवाळ्याचा हंगाम सुरू झाला. गतविजेत्यांचं एक असतं, समोरचा प्रत्येक संघ त्यांच्याशी अंतिम सामना असल्यासारखा भिडतो. पहिल्या दहातले सात सामने आम्ही हरलो. मॅनेजर गोव्रो नवा होता, वसंतातच शहरातून आलेला, आवाज इतका हळू की ऐकायला पुढं वाकावं लागायचं. नोव्हेंबरात त्यानं मला वर बोलावलं.

"ओविला मंदावलाय," तो म्हणाला.

"साहेब, तो पहिल्यापासूनच मंद आहे. पकची चकती कुठं येणार ते त्याला आधी कळतं. मग उगाच पळायचं कशाला?"

तो हसला नाही. "माझ्याकडे बावीस वर्षांचा एक बचावपटू येऊ शकतो. जागा नाही. ओविलाला काढलं तर हे लोक स्टेडियम पेटवतील. पण तो काय म्हणाला होता, आठवतं ना? पाय सांगतील तेव्हा." मग तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. "तर मग पायांनी सांगायला हवं, फिलियास."

मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. लगेच कळलं.

दारापर्यंत पोचलो तेव्हा तो म्हणाला, "हल्ली धार लावायचं एक यंत्र निघालंय. स्केट आत ठेवायचा, बटण दाबायचं. माणूस लागत नाही. घ्यायचं की नाही, अजून ठरवलेलं नाही."

पोटासाठी केलं असं म्हणून मी सुटलो असतो. पण माझं घर माझं आहे, मुली लग्न होऊन गेल्या, पोट काय कसंही भरलं असतं. मला ती खोली सुटत नव्हती, एवढंच. सामन्याच्या आधी वीस दांडगी माणसं लहान पोरांसारखी माझ्या दारात रांग लावून उभी राहतात, ते मला सोडवत नव्हतं.

स्केटचं पातं सुरीसारखं नसतं. त्याच्या मधोमध बारीक पन्हळ असते आणि दोन्ही बाजूंना दोन कडा. त्या दोन्ही एका उंचीला हव्यात. एक केसभर वर राहिली, की वळताना पाय एकीकडे नको तितका रुततो आणि दुसरीकडे सटकतो. खेळाडू धार नखानं तपासतात. अंगठ्याचं नख कडेवरून ओढलं आणि पांढरा भुगा निघाला की समाधान. ती धार मी वस्तऱ्यासारखी ठेवली. उंचीचा फरक नखाला कळत नाही. त्यासाठी पातं वर करून त्यावर आडवं नाणं ठेवावं लागतं, नाणं तिरकं बसलं की पातं वाकडं.

पण धारवाल्यासमोर नाणं काढायचं नसतं. आमच्याकडे हा कायदाच आहे. नाणं काढणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. तीन वर्षांपूर्वी एका नव्या फॉरवर्डनं काढलं होतं. ओविलानं ते नाणं बर्फात भिरकावलं आणि त्या शहाण्याला अनवाणी जाऊन शोधून आणायला लावलं.

मी आधी त्याचा डावा स्केट घेतला. बाहेरची कड केसभर वर. त्या संध्याकाळी एका साध्या वळणावर ओविला आडवा झाला आणि समोरचा त्याला ओलांडून गोल करून आला. ओविला उठला, मागं वळून बर्फाकडे बघत राहिला. आठवड्यानं मी उजवा घेतला. पुढं दर दोन दिवसांनी कड बदलत गेलो, म्हणजे पायांना सवय लागायला नको. काम करायचं तर नीट करायचं, ही माझी खोड आहे.

प्रेक्षक आधी गप्प बसले, मग शिट्या सुरू झाल्या. डिसेंबरात अख्खी उत्तर बाजू ठेक्यात ओरडायची, "आजोबा, झोपा आता. आजोबा, झोपा आता." नाताळच्या सामन्यात कुणीतरी आत चालायची काठी फेकली. ओविलानं ती उचलली आणि नेऊन रेफरीच्या हातात दिली. हेच लोक मे महिन्यात त्याचा हात चाटायला रांगेत उभे होते.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या खोलीत येऊन बसला.

"डोळे तपासले," तो म्हणाला. "ठीक आहेत. डॉक्टर म्हणतो, गुडघेही ठीक."

"मग?"

"मग काय. मी डावीकडे म्हणतो, पाय उजवीकडे जातात. घरात जिना उतरताना काही होत नाही. इथं आलो की संपलं."

"स्केट्स एकदा परत बघू का?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे. आपण पकडलं जावं असं वाटत असेल.

तो चिडला. "स्केट्सचं नाव काढू नकोस. धार तू लावलीयस ना? मग विषय संपला." त्यानं स्केट उचलला, कडेवरून नख ओढलं आणि अंगठा माझ्या नाकासमोर धरला. "बघ. वस्तरा आहे. गंजलंय ते माझंच काहीतरी."

तेव्हा बोलता आलं असतं. मी स्केट्स पुसून त्याच्या हातात दिले.

जानेवारीत बाहेरगावी आम्ही सात-एक असे हरलो, त्यातले तीन गोल ओविला राखत होता त्या बाजूनं. सकाळी तो आपणहून ऑफिसात गेला. गोव्रोनं म्हणे त्याचा हात दोन्ही हातांत धरला. निरोपाचा समारंभ जोरदार झाला. बर्फावर लाल गालिचा अंथरला, मालक पुन्हा रडला आणि त्यानं ओविलाला झुलती खुर्ची भेट दिली. काठी फेकणारे उभं राहून आठ मिनिटं टाळ्या वाजवत होते.

"पायांनी सांगितलं," ओविला माईकवर म्हणाला. "कप इथं ठेवून जायचा होता, ते काही जमलं नाही. बाकी आभार एकाच माणसाचे मानतो. फिलियासनं मला शेवटपर्यंत उभं ठेवलं."

सगळं स्टेडियम माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागलं. मी टोपी काढली. काढावीच लागते.

दुसऱ्या दिवशी तो बावीस वर्षांचा आला. वेगवान आहे, खोटं कशाला बोलू. चुकीच्या जागी तो इतरांच्या आधी पोचतो. आम्ही हरतच राहिलो.

फेब्रुवारीत गोठलेल्या तळ्यावर जत्रा असते, जुने खेळाडू विरुद्ध अग्निशमन दल असा सामना होतो. त्यासाठी ओविलाला स्केट्सना धार हवी होती. संघाचे इतके वाईट दिवस चाललेत, त्यात फिलियासला कशाला त्रास, म्हणून तो ते दोनाच्या हार्डवेअरच्या दुकानात घेऊन गेला. दोना शाळेतल्या पोरांच्या स्केट्सना धार लावतो. हे मला नंतर कळलं. मी आणि इर्मा काठावर गरम वाइन घेऊन उभे होतो, तेव्हा मला फक्त दिसलं.

ओविला बर्फावर उतरला. डावीकडे वळला, अगदी जपून, अंधारात पायरी चाचपावी तसा. मग उजवीकडे. मग जागेवर उभा राहिला. आणि मग तो जो सुटला, तो कुणाच्या हाताला लागेना. अग्निशमनवाले त्याच्या मागं धावून धावून शिव्या घालत होते, आमच्याकडे शिव्या चर्चमधल्या पूजेच्या भांड्यांच्या नावानं देतात, त्यातलं एकही भांडं सुटलं नाही. पण त्यानं गोल केला नाही. सामना अर्धवट सोडून तो तळ्याच्या मोकळ्या बाजूला गेला आणि एकटाच वळत राहिला, डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, अर्धा तास.

"फिलियास, बघ तरी," इर्मा म्हणाली. "याच्या पायांना काय झालं होतं रे?"

मी म्हटलं, थंडी फार आहे, घरी जाऊ.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. संध्याकाळी सामना होता, सगळ्यांचे स्केट्स धार लावून मी फळीवर ओळीनं उलटे ठेवले होते, पाती वर. ओविलानं दार लोटून घेतलं.

"दोनानं माझ्या पात्यांवर नाणं ठेवलं," तो म्हणाला. "त्याला आपला कायदा ठाऊक नाही. तिरकं बसलं. दोन्हींवर."

मी चाक पुसत होतो, पुसत राहिलो.

"तो म्हणाला, फिलियासचं वय झालं, हात थरथरत असेल. दोनाचा स्वतःचाही थरथरतो म्हणे, सकाळची कॉफी सांडते. मी म्हटलं, तसंच असेल. रात्रभर स्वतःला तेच सांगत होतो."

त्यानं खिशातून पंचवीस सेंटचं नाणं काढलं. माझ्यासमोर. पहिल्या पात्यावर ठेवलं, वाकून डोळा त्या उंचीला नेला आणि बघितलं. नाणं सरळ बसलं होतं. दुसऱ्यावर ठेवलं. सरळ. अर्ध्या ओळीपर्यंत तो भराभर गेला, मग हळू हळू होत गेला, एकेका पात्यापाशी थांबायला लागला. शेवटी त्या बावीस वर्षांच्याचे स्केट्स होते. त्यांच्यावर त्यानं नाणं दोनदा ठेवून बघितलं.

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"एक तरी वाकडं निघायला हवं होतं, म्हाताऱ्या," तो म्हणाला. "मी एकावर भागवलं असतं."

नाणं तिथंच पात्यावर ठेवून तो गेला. दार त्यानं हळूच लावलं. थोड्या वेळानं मी उजवा हात दिव्याखाली धरला आणि बोटं पसरली. थरथरला असता तर त्याच्या मागं रस्त्यापर्यंत पळत जाऊन दाखवला असता. मी बराच वेळ तसाच धरून बसलो. हात थरथरला नाही.