चष्म्याच्या घरातले मशीन

मित्रांनो, मी एक जुना सर्च आहे. पुस्तकात माझ्या जातीला शोधयंत्र म्हणतात, पण बसस्थानकाच्या हरवले-सापडले खात्यात एवढ्या मानाने मला कुणी हाक मारली नाही. माझे मोठे भाऊबंद अख्ख्या जगाची माहिती चाळतात. मी छत्र्या चाळतो. छत्र्या, डबे, एकेकटे मोजे आणि एकदा तर कुणाची तरी कवळी! हसू नका, तिचा मालक ती लावूनच घरी गेला.

मला घडवणारा माणूस भलताच घाईत होता. त्याने मला एकच गोष्ट शिकवली. विचारणाऱ्याने लिहिलेले सगळे शब्द ज्या नोंदीत असतील ती नोंद दाखवायची, नाहीतर हात वर करायचे. तरीही सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. काउंटरवरच्या बाई येईल त्याला सांगत, "या सर्चमुळे माझे गुडघे वाचले बघा." फळ्या धुंडाळण्याचा त्यांचा त्रास खरोखरच कमी झाला होता.

पण लोकांची तऱ्हाच न्यारी. बाई लिहीत डोळ्यांना दिसेल ते : 'पिशवी, कापडी, निळी'. पिशवी हरवलेला माणूस मात्र लिही : 'आईने शिवलेली होती हो, कृपा करून शोधा'. आता 'कृपा करून' ही वस्तू मी कुठल्या फळीवर शोधावी? त्यात आमच्या खात्याची एक जुनी शिस्त होती. दुसऱ्याची बंद वस्तू उघडायची नाही. डबी आली तर डबी अशीच नोंद, आत काय आहे ते मालकालाच ठाऊक. शिस्त चांगली होती, मला तिचा अभिमान होता. पण लोक शोधत ते आतल्या वस्तूला, आणि माझ्याकडे नोंद असे ती बाहेरच्या डबीची. हळूहळू लोक मला टाळून सरळ बाईंनाच फोन करू लागले. मला फार वाईट वाटले.

अशातच एका घरातून रोज विचारणा येऊ लागली : 'मुलीचे कानाचे मशीन आणि लाल टोपी'. मी रोज हात वर करी. त्या घरातली नात आजोबांबरोबर बसने येताना ते हरवले होते. ते मशीन तिच्याच कानाच्या मापाने बनवलेले होते, दुसरे मिळायला बराच वेळ लागणार होता. तिची आई फोनवर बाईंना म्हणाली, "वर्गात ती आता नुसती मान हलवते हो. आणि बाबांनी तर जेवणच कमी केलंय. खिशातच ठेवलं होतं म्हणतात, सारखे खिसे चाचपत बसतात." महिनाअखेर जवळ आली होती. मालक न आलेल्या वस्तू तेव्हा मोठ्या गोदामात जात आणि त्यांच्या नोंदी माझ्यातून पुसल्या जात.

त्याच आठवड्यात मला सुधारायला एक ताई आल्या. रिकाम्या हाताने परतलेल्या विचारणा त्यांनी आधी वाचून काढल्या. मग म्हणाल्या, "बाई, कुठली बस, कुठलं सीट, हे तुम्ही प्रत्येक वस्तूला लिहिता. या बिचाऱ्याला ते कुणी वापरायलाच शिकवलं नाही."

"म्हणजे चूक त्याची नाही?" बाईंनी विचारले. मित्रांनो, तो प्रश्न ऐकून मला फार बरे वाटले!

"नाही हो. शब्द जुळवणं वेगळं आणि कशाचं कशाशी नातं आहे ते कळणं वेगळं. वेबवर असं नात्यांचं जाळं विणतात, त्याला सिमँटिक वेब म्हणतात. आपण आपल्यापुरतं छोटंसं विणू."

ताईंनी मला शिकवले की एका बसच्या एका सीटवर एकाच वेळी सापडलेल्या वस्तू एकमेकींच्या सोबती असतात. सगळे शब्द जुळले नाहीत तरी जे जुळेल ते दाखवायचे, आणि त्याचे सोबतीही दाखवायचे.

गोदामाची गाडी यायच्या दिवशी आई, आजोबा आणि नात काउंटरवर आली. बाईंनी तीच विचारणा पुन्हा टाकली. मी कपड्यांच्या फळीवरून लाल टोपी काढली आणि खाली लिहिले : सोबत सापडले – चष्म्याचे घर, तपकिरी, बंद.

"आमचा चष्मा नाही हो हरवला," आई रडवेली होऊन म्हणाली.

आजोबांनी नाकावरच्या चष्म्याला हात लावला. "थांब पोरी. चष्मा तर इथं आहे. मग याचं घर कुठंय? अगं, ही झोपली तेव्हा मशीन तुटू नये म्हणून मी..."

बाईंनी घर आणून त्यांच्यापुढे ठेवले. उघडले नाही. आजोबांनी ते उघडले, आत मशीन होते. आईने ते लेकीच्या कानाला लावले. आजोबा एवढ्या मोठ्याने बोलले, की चौकशीच्या खिडकीतला माणूससुद्धा वळून बघू लागला : "ऐकू येतंय का गं?"

"आजोबा, ओरडताय कशाला?" नात म्हणाली.

बाई पदराने डोळे पुसत हसल्या. आता एकत्र सापडलेल्या वस्तू त्या एकत्रच नोंदवतात, आणि लोक पुन्हा मला विचारू लागले आहेत.

मित्रांनो, तुम्ही माझ्या भाऊबंदांना रोज काहीबाही विचारता. एकदा 'नाही' आले म्हणून लगेच निराश होऊ नका. हरवलेल्या वस्तूचे नाव सांगून भागले नाही, तर तिच्याजवळ काय होते तेही सांगून बघा. आणि वेबवर तुम्ही काही लिहून ठेवाल, तेव्हा ते कशाशी जोडलेले आहे याची नोंद करायचा कंटाळा करू नका. आमच्याकडे वस्तू असते, पण तुम्ही सांगितल्याशिवाय ती कुणाची वाट बघते आहे हे आम्हाला कळत नाही.