नारिंगाच्या फुलांचं पाणी

मोकदाद प्रयोगशाळेत नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता, तेव्हा त्याची तरुण सहकारी अर्वा दारातूनच ओरडली.

"काका, ईथर सांडलंय! आधी खिडकी उघडा!"

बाटली त्याच्या कोपराशेजारीच आडवी पडली होती. त्यानं खिडकी उघडली. मग बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊन जोरात श्वास घेतला. काहीच आलं नाही. कापराची बरणी उघडली, मग वाळलेल्या रोझमेरीची. काहीच नाही.

"सर्दी झालीय," तो म्हणाला.

सर्दी नव्हती. महिन्यापूर्वी त्याला आणि त्याच्या बायकोला, साल्हाला, एकाच तापानं धरलं होतं. तो उठला, ती उठली नाही. तिचं दफन करून आल्यापासून अन्न मातीसारखं लागत होतं. ते दुःखामुळे असेल असं तो समजून चालला होता.

नारिंगाच्या बागांसाठी प्रसिद्ध नाबुल गावातल्या त्या प्रयोगशाळेत वनस्पतींमधले औषधी घटक तपासत. वास घ्यायचं काम यंत्र करी: अर्कातले घटक वेगळे करून कागदावरच्या रेघेत एकेकाचं उंच टोक काढी. मोकदादला ती टोकं माणसांच्या चेहऱ्यांसारखी ओळखू येत. त्यामुळे त्याचं नाक गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मरणानंतरचा चाळिसावा दिवस जवळ आला तशी साल्हाची थोरली बहीण तुर्किया घरी आली आणि सरळ कपाटाकडे गेली. साल्हानं काढलेल्या नारिंगाच्या फूलपाण्याची, भोवती गवत विणलेली एकच बाटली उरली होती.

"ही काढते. साल्हाच्या चाळिसाव्याच्या कॉफीत साल्हाच्याच हातचं फूलपाणी पडायला हवं."

"ती राहू दे, ताई."

"ठेवून काय करणार? लोणचं घालणार?"

"मी नवीन काढतो. बाजारात फुलं आलीत."

तुर्किया कंबरेवर हात ठेवून हसली. "तुम्ही? भावोजी, तुम्ही गफ्साचे, वाळवंटाकडचे. लग्न होईपर्यंत नारिंगाचं फूल कॉफीत घालतात की कानात, हे तरी ठाऊक होतं का?"

"प्रयोगशाळेत रोज हेच करतो."

"बरं, काढा. पण तिच्यासारखं झालं नाही, तर हीच उघडणार. मग रडू नका."

मोकदादनं पाटीभर फुलं आणली. साल्हाचं अर्क काढायचं तांब्याचं भांडं घासलं, आच बारीक ठेवली, वरच्या टोपातलं पाणी कोमट झालं की बदललं. थेंब थेंब पाणी उतरलं. त्यानं ते नाकाशी नेलंच नाही. एक कुपी भरून घेतली. साल्हाची बाटली मात्र त्याला उघडवेना. शेवटी बुचातून बारीक सुई घालून त्यानं तिच्यातलं थोडं पाणी ओढून घेतलं.

प्रयोगशाळेत अर्वानं दोन्ही पाण्यांचे यंत्रातून निघालेले कागद शेजारी ठेवले.

"काका, तुमचं पाणी एकदम स्वच्छ आहे. हे दुसरं कुणाचं?"

"घरचं."

"त्यात हे एक बारकं टोक जास्तीचं आहे, बघा. फुलं बुडाला लागली की येतं हे. थोडं करपलंय."

"दरवेळी करपेल कसं?"

"ते काढणारीला विचारा," अर्वा म्हणाली, आणि लगेच तिनं ओठ चावला.

मोकदाद कागदाकडे बघत राहिला. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी साल्हानं कॉफी दिली होती. त्यात गोड फुलांच्या मागून धुरकट असं काहीतरी आलं होतं. नारिंगाचं फूल असंच असतं, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. बाहेरची कॉफी त्याला पाणचट लागायची.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा फुलं आणली. या वेळी भांड्यात पाणी कमी घातलं आणि आच मोठी केली. कुठे थांबायचं ते मात्र त्याला कळेना. साल्हा तर थांबायचीच नाही; कुंपणापलीकडच्या शेजारणीशी बोलत उभी राहायची. मग तोही कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. पलीकडे कुणी नव्हतं. बऱ्याच वेळानं तो परत आला आणि आच बंद केली. भांड्याचा तळ काळा झाला होता. नव्या कागदावर ते बारकं टोक जिथल्या तिथे आलं.

चाळिसाव्याच्या सकाळी बायका यायच्या आधी तुर्कियानं नवीन पाण्याचे दोन थेंब तळहातावर घेतले, चोळले आणि नाक मुरडलं.

"शी! लागलंय की बुडाला!"

तुर्कियानं तळहात पुन्हा नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"आई शिव्या घालायची तिला," ती हळूच म्हणाली. "चूल पेटवून गप्पा मारायला जाते म्हणून. दर वर्षी शिव्या, दर वर्षी करपलेलं पाणी. तुम्हाला तिनं सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"तर. नवऱ्याला कोण सांगतंय." तिनं डोळे पुसले आणि हात त्याच्या चेहऱ्यापुढे धरला. "घ्या, बघा तरी. अगदी तीच."

मोकदादनं वाकून श्वास घेतला.

"हो," तो म्हणाला. "तीच."

तुर्किया कॉफी ठेवायला आत गेली. साल्हाची बाटली कपाटातच राहिली. नाक गेल्याचं त्यानं अजून कुणालाच सांगितलेलं नव्हतं.