तीननंतर गायब होणारे इशारे

मनस्विनी तीनच्या ठोक्याला पर्स उचलायची, आणि हवामानाचे इशारे गायब व्हायचे तेही तीननंतरच. आता मला सांगा, संशय कोणावर यायचा? पाणी कुठंतरी मुरतंय, हे मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं.

ही गोष्ट दोन हजार नऊच्या ऑक्टोबरातली. मिरकरवाड्याजवळ आमचं ऑफिस. मनस्विनीचा प्रोग्राम इंटरनेटवरून समुद्राच्या हवेची माहिती उचलायचा आणि आमच्या मशीनवर रांगेत लावायचा. रांगेतून एकेक नोंद रत्नागिरी, हर्णै नि पुणे अशा तीन ठिकाणच्या डेटाबेसात जायची. ट्रॉलरवाले ती बघून निघायचे. मी देखरेखीला होतो. मशीनमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण माणसं कळतात असा समज होता.

बाई फोनवर हळू बोलायची. पर्समध्ये पेनड्राइव्ह. तीनला म्हणे लेकीला शाळेतून आणायला जाते! मी पुण्याला मालकांना, गंधारसाहेबांना, कळवून टाकलं की ही बाई आपली माहिती बाहेर विकत असणार. त्यांनी तिला काढायचं ठरवलं आणि शनिवारपासून येऊ नको हे सांगायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. सांगितलं मी, अगदी ठणकावून.

शुक्रवारी तिने माझ्यापुढे एक कागद ठेवला. रांगेत आलेल्या, पण कुठेच न पोचलेल्या नोंदींच्या वेळा होत्या. सोमवार पावणेपाच. मंगळवार सव्वाचार.

"भास्करकाका, या नोंदी आल्या आल्या आपलं मशीन बंद झालं होतं. गावात लाइट मात्र होती."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. दोन्ही दिवशी त्याच वेळी गडगडलं होतं. आणि गडगडलं की टीव्हीची, फोनची वायर आधी काढायची, हे आम्हा कोकणातल्यांच्या हाताला सांगावं लागत नाही. मी यूपीएससकट सगळं बंद करायचो, आभाळ निवळलं की परत लावायचो, वर मशीन वाचवलं म्हणून खूश. इकडे रांगेतलं न पोचलेलं सगळं पुसलं जायचं. म्हणजे वादळाचा इशारा ऐन वादळात मीच मारत होतो, आणि चोर ठरवली हिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिच्यासमोरच साहेबांना फोन लावून सगळं कबूल केलं. साहेब हसले. उद्या नेहमीसारखं यायला सांगा म्हणाले.

मनस्विनीने पर्स उचलली.

"मी येणार नाही, काका. साहेबांना फोन करण्याआधी मला एकदा विचारलं असतंत तर?"

पाच महिने एका टेबलाशी बसत होतो आम्ही. विचारायला माझं काय जात होतं?