चमचे गेले कुठे?

विद्यापीठाच्या वसतिगृहामागच्या अंगणात मुलींची झुंबड उडाली होती. चौथऱ्यावर हिरव्या कफनीतले हरितगुरू उभे होते आणि शेजारी आडव्या दांड्यावर फिरणारं पत्र्याचं मोठं पिंप.

"कचरा म्हणजे रुसलेली ऊर्जा, बाळांनो! मी फक्त तिची समजूत काढतो."

खानावळीतल्या उष्ट्याच्या बादल्या पिंपात रिकाम्या झाल्या. झाकण घट्ट लागलं.

"डोळे मिटा!"

सगळ्यांनी मिटले, कुलगुरूंनी तर सगळ्यांच्या आधी. हुंकार घुमले, पिंप गरगरलं. डोळे उघडून बघतात तो काय, झाकणाखाली काळंभोर, भुसभुशीत खत! टाळ्यांचा नुसता कडकडाट.

रेक्टरबाईंनी टाळी वाजवली नाही. त्या आपल्या खतखड्ड्यांच्या कडेला उभ्या होत्या. नोकरीला लागल्या तेव्हा पहिल्या तुकडीतल्या मुलींबरोबर त्यांनीच ते खणले होते. तळहातांना फोड यायचे आणि फोड मोजता मोजता हसून मुरकुंडी वळायची. त्या मुली आता आज्या झाल्या असतील. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, ही शिस्त तेव्हापासून कधी मोडली नव्हती. आज मात्र खड्डे बुजवायला बुलडोझर येऊन ठेपला होता. कुलगुरूंनी मान हलवायचाच अवकाश.

"बाई, सुटलो बघा त्या कटकटीतून," एक मुलगी म्हणाली. "गुरुजी प्लॅस्टिकचीसुद्धा समजूत काढतात म्हणे!"

"काढतील हो. तुमची काढली, तिथे प्लॅस्टिकची काय कथा?"

बाई तरातरा चौथऱ्यावर चढल्या. हाताला सवयच होती. त्यांनी खत मुठीमुठीने चाळलं. मग मान वर केली.

"चमचे कुठे आहेत?"

"कसले चमचे?" गुरू दचकले.

"आमच्या मुली गप्पांच्या नादात ताट खरवडतात आणि उष्ट्याबरोबर चमचाही बादलीत लोटतात. जुनं दुखणं आहे ते. आमचं खत चाळायला घेतलं की आचारी चमचे गोळा करायला रिकामं भांडं घेऊन समोर बसतो. तुमच्या खतात औषधालासुद्धा चमचा नाही!"

"माते, उच्च स्पंदनांत धातूही विरघळतो."

"मग तुमचं पिंप कसं शाबूत राहिलं? तेही पत्र्याचंच ना?"

मुलींमध्ये खसखस पिकली. गुरू आडवे आले. "हात लावू नका! ऊर्जेचा झटका बसेल!"

"बसू दे." बाईंनी पिंप अर्धं उलटं फिरवलं. वर दुसरं झाकण आलं, हुबेहूब पहिल्यासारखं. त्यांनी ते उघडताच असा भपकारा सुटला की कुलगुरूंनी रुमाल काढला. आत सगळं उष्टं जसंच्या तसं, आणि त्यात रुतलेले चमचे.

"पिंपाच्या मधोमध पत्रा ठोकलाय," बाई म्हणाल्या. "एका बाजूला आधीच भरून आणलेलं खत. तुम्ही डोळे मिटलेत, यांनी पिंप उलटं केलं. झाला चमत्कार!"

गुरूंची कफनी तेवढी हिरवी राहिली. चेहरा पांढराफटक पडला.

"मग आता, बाई...?" कुलगुरू पुटपुटले.

"आता बुलडोझर परत पाठवा." बाई मुलींकडे वळल्या. "खत होतं ते जिवाणूंमुळे, गांडुळांमुळे. त्याला हवा लागते, ओल लागते, वेळ लागतो. पण उघड्या डोळ्यांनी बघता येतं. जो डोळे मिटायला सांगतो, त्याच्यासमोर तरी ते उघडे ठेवत जा, पोरींनो. आणि विचारा. विचारायला लाजू नका."

मघाची मुलगी खाली मान घालून उभी होती.

"तू ये इकडे," बाई म्हणाल्या. "आधी ते चमचे वेचून घे. आज जेवायला लागतील."