नवानंतर पुन्हा एक

बाबांना आता ऐकू येत नाही आणि त्यांचं डोकंही ताळ्यावर नाही, असा निकाल माझ्या नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर जाहीर केला. बाबा म्हणजे माझे सासरे. ते समोरच बसून जेवत होते!

"सोमवारी त्यांना वृद्धाश्रमात सोडायचं. जागा मिळालीय," नवरा मला म्हणाला. बाबांना नाही, मला.

कारण काय, तर हृदयाच्या दवाखान्यात बाबांचा नंबर लागोपाठ तीन वेळा हुकला होता. ते एकटे बसने जायचे, चिठ्ठी घ्यायचे, दुपारपर्यंत बसायचे आणि डॉक्टरांना न भेटताच परत यायचे. विचारायला गेले की काउंटरवरची मुलगी म्हणायची, "आजोबा, पुकारलं होतं की! तुम्ही उठलाच नाहीत."

"नाही पुकारलं रे," बाबा घरी येऊन सांगायचे.

"बाबा, प्रोग्राम कुणाला विसरत नाही," नवरा म्हणायचा. म्हणणारच. प्रोग्राम त्याचाच होता ना! हा शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. दवाखान्याचे डॉक्टर याचे मित्र, म्हणून याने मुलांना शिकवतो त्याच सोप्या भाषेत नंबर पुकारणारं यंत्र त्यांना फुकट करून दिलं. तेव्हा आठवडाभर आमची शिकवणी चालली होती. "चिठ्ठीवर ह-५ असं येतं. ह म्हणजे हृदय, मग आडवी रेघ, मग नंबर. आख्ख्या मजकुरातून आपल्याला फक्त नंबराचा तुकडा हवा. कुठून कापायचं आणि किती अक्षरं कापायची, एवढंच सांगायचं! इथे तिसरं अक्षर उचलायचं, की झालं!" मी मान डोलावत पोळ्या लाटत होते. मला काय माहीत, कुणाला कापलं जाणार आहे ते.

सगळ्यात राग कशाचा आला सांगू? बाबांनी स्वतःवरच संशय घ्यायला सुरुवात केली होती. त्या रात्री मी भांडी घासत असताना ते हळूच माझ्याजवळ आले. "मला डुलकी लागत असेल का गं? मी बसल्या बसल्या स्वतःला चिमटे काढतो, तरी..." त्यांनी बाही वर केली. हातावर काळेनिळे डाग होते. माझ्या हातातलं पातेलं सिंकमध्ये आदळलं.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. बस उशिरा पोहोचते, त्यामुळे बाबांना नेहमी मागचाच नंबर मिळतो. आज मिळाला चौदा. आम्ही दाराजवळच्या बाकावर बसलो. बाबा ताठ बसले, कान टवकारून. आयुष्यभर रेल्वेत सिग्नलमन होते. थांबायचं कसं ते त्यांना कुणी शिकवायला नको.

स्पीकर बोलत होता. ह सात. ह आठ. ह नऊ. आत गेलेला माणूस बाहेर आला आणि स्पीकर म्हणाला, "ह एक."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण भिंतीवरच्या पडद्यावरही एकच होता. आणि एक जाडा गृहस्थ उठून आरामात आत गेला!

"तुमचा नंबर काय होता हो?" तो बाहेर आल्यावर मी विचारलं.

"दहा."

पुन्हा "ह एक". आता एक बाई उठल्या. शेजारची आजी मला म्हणाली, "नवी दिसतेस. अगं, नवानंतर ते असंच बरळतं. आपण आपलं क्रमाने उठायचं."

"मग कुणी सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना! एक बाबा सोडून. तेरा नंबरवाला बाहेर आला, स्पीकर म्हणाला "ह एक", आणि बाबा जागचे हलले नाहीत.

"बाबा, तुमचाच नंबर आहे, उठा."

"माझा चौदा आहे. दुसऱ्याच्या सिग्नलवर गाडी हलवायची नसते, पोरी."

तोवर पंधरा नंबरवाला घुसला आत. माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! मी काउंटरवर हात आपटला, नवऱ्याला फोन लावला आणि म्हणाले, "असशील तसा ये. तुझी अक्कल पुकारतेय इथे."

त्याची शाळा मागच्याच रस्त्यावर. धापा टाकत आला आणि आधी काय म्हणाला? "हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत! 'तिसरं अक्षर उचलायचं' म्हणालास ना? ह-१४ मधलं तिसरं अक्षर काय रे? एक! मग चार कुणी उचलायचा? तुझ्या बापाने?"

त्याने पडद्याकडे बघितलं. "आम्ही तपासलं होतं," तो पुटपुटला. "पाच चिठ्ठ्या काढून."

"आणि बाबांना वेड्यात काढायला किती चिठ्ठ्या लागल्या?"

तो गुपचूप काउंटरमागे बसला. एक अक्षर घे, असं लिहिलं होतं तिथे शेवटपर्यंत घे, असं केलं. घोटभर पाणी प्यायला लागतो त्यापेक्षा कमी वेळ लागला त्याला. मग स्पीकर खणखणीत म्हणाला, "ह चौदा."

बाबा लगेच उठले. सदरा सारखा केला आणि आत गेले.

ते तपासून बाहेर आले तेव्हा नवरा पुढे झाला. "बाबा, छोटीशी चूक होती. एक अक्षर कमी उचललं गेलं."

उचललं गेलं म्हणे! जसं काही आपोआप! मी तोंड उघडणार होते, पण बाबांनी हाताने मला थांबवलं.

"तू मला प्रत्येक वेळी विचारलंस, 'ऐकू आलं नाही का?'" ते त्याला म्हणाले. "'पुकारलं नाही का,' असं एकदाही नाही विचारलंस."

त्याने खिशातून फोन काढला. "वृद्धाश्रमाला नाही म्हणून कळवतो मी."

"आण इकडे. नंबर लाव आणि मला दे."

त्याने नंबर लावून फोन दिला. बाबा सगळ्यांसमोर उभे राहून मोठ्याने बोलले, "सोमवारी येणार होतो ते मी. येत नाही." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. बाबांनी मुलाकडे बघितलं.

"घरचं दुसरं कुणी नाही बोलत. मीच बोलतोय. माझ्याबद्दल मी बोललो तर चालतं ना?"