पाचवा विषय

प्रतिक्षानं चौथ्या विषयापुढं खूण केली आणि पेन पाचव्यावर नेलं, तेवढ्यात तिच्या आईनं, नवशीनं, नाचणीच्या कणसांवर दांडका हाणला. कोंडा उडाला आणि कागदभर बसला. प्रतिक्षानं फुंकर मारली. पाचवा विषय तिथंच होता. तो तिनं निवडलेला नव्हता.

"वाच की. थांबलीस का?" शेजारची धोंडीबाई म्हणाली. ती सकाळपासून नाचणी बडवायला आली होती आणि तिचं तोंड हाताच्या पुढं चालत होतं.

"चार वाचले ना, काकी."

"मग अजून येकदा वाच. गाव कुठलं म्हणालीस?"

"व्हॅलेन्सिया. स्पेनमधलं शहर आहे."

प्रतिक्षानं पुन्हा वाचलं. नवशिक्यांसाठी स्पॅनिश. नकाशे काढणं. नदी आणि कालव्यांचं पाणी कसं वाटायचं. पाणथळ जमिनीतली भातशेती. परदेशी मुलांसाठी इंग्रजीतून शिकवायचे असे सतरा विषय त्या विद्यापीठानं ठेवले होते. त्यातले पाच घ्यायचे, पाच महिने राहायचं.

"भात?" नवशीचा दांडका वरच राहिला. "तिकडं भात होतो?"

"होतो. शहराला लागून मोठं तळं आहे, त्याच्या कडेनं."

"लावणी कोण करतं?"

"माहीत नाही. तेच शिकायचं आहे."

"घ्या! लावणी शिकायला विमानानं चालली." धोंडीबाई खो खो हसली. "मी शिकवते गं, फुकट. आषाढात ये माझ्या खाचरात."

"तुझं खाचर केवढं, तू शिकवणार काय," नवशी म्हणाली.

"बरं, पाच महिने जगायला जायचं म्हणजे टोळी किती जणांची?" धोंडीबाईनं विचारलं. पाड्यावर कामासाठी बाहेर पडण्याला जगायला जाणं म्हणतात. दिवाळीनंतर अर्धा पाडा असाच भिवंडीकडं वीटभट्ट्यांवर जगायला जातो. "मुकादम कोण? झोपडीला ताडपत्री शेठ देतो का आपली न्यायची?"

"टोळी नाही, काकी. कॉलेजातून एकटीच. तीही मी किंवा दुसरी एक मुलगी, डोंबिवलीची. आज पाचपर्यंत हा कागद मोबाईलवरून पाठवायचा, मग ठरेल."

धोंडीबाईचं हसू ओसरलं. एकटीनं जगायला जाणं तिला कळेना. तिनं कंबरेचा पदर सोडला, तोंड पुसलं आणि पाणी भरायचं राहिलंय म्हणत हंडा घेऊन विहिरीकडं निघाली.

पाचव्या विषयाचं नाव होतं भूक आणि सार्वजनिक आरोग्य. तो कॉलेजातल्या सरांनी भरला होता. रूपेश सर वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी तिला केबिनमध्ये बसवून चहा दिला होता आणि म्हणाले होते, "तू वावर गावची आहेस. ब्याण्णवला तिथं पोरं कुपोषणानं गेली, सगळ्या देशाला ठाऊक आहे. तुझा सख्खा भाऊ त्यात गेला. एवढं असताना तू भातशेती काय घेऊन बसतेस? एक पान लिही. आईच्या तोंडून. ते पान असेल तर निवड समितीत तुझ्याविरुद्ध कोणी हात वर करणार नाही."

"आणि नसेल तर?"

"तर मार्कांवर जाईल. डोंबिवलीच्या पोरीला तुझ्यापेक्षा चार टक्के जास्त आहेत."

तीन वर्षं प्रतिक्षा हेच पाहत आली होती. शहरातल्या कॉलेजात जंगलपाड्यातली मुलगी म्हणजे एक तर भिंतीवरचं पांढरं वारली चित्र, नाही तर भूक. स्नेहसंमेलनात तिला नाच म्हणायचे, चर्चासत्रात रड म्हणायचे. नकाशे काढायला कोणी कधी बोलावलं नाही, आणि नकाशे तिला सगळ्यांत चांगले यायचे.

पण जायचं होतं. इतकं जायचं होतं की काल मोखाड्याहून जीपनं येताना तिनं मनातल्या मनात त्या पानाच्या पहिल्या चार ओळी जुळवल्या होत्या आणि मग स्वतःचीच किळस येऊन बाहेर बघत बसली होती.

तो भाऊ, माघ्या, गेला तेव्हा तिचा जन्म व्हायला अकरा वर्षं बाकी होती. घरात त्याच्याबद्दल कोणी बोलायचं नाही. तीही कधी विचारायची नाही. आता तिनं वही उघडली.

"आई, सर म्हणतात, एक पान लिहून दे. माघ्याचं."

नवशीनं मान डोलावली. जणू ती वाटच बघत होती. दांडका बाजूला ठेवला, हात झटकले आणि उठून ओट्यावरच्या पुढच्या लाकडी मेढीला टेकून बसली. पाय एका बाजूला घेतले. पदर डोक्यावरून ओढला.

"फोटो पण लागंल ना? इथं उजेड बरा पडतो."

"फोटो नको."

"बरं." तिनं घसा साफ केला. "माझं बाळ दोन वर्षांचं होतं, ताई."

प्रतिक्षाचं पेन हललं नाही. या घरात पोराला कोणी बाळ म्हणत नाही. या घरात तिला कोणी ताई म्हणत नाही.

"त्या साली घरात दाणा नव्हता. आम्ही कडू कंद उकडून खात होतो. बाळाचे पाय सुजले. मी त्याला पाठीला बांधून दवाखान्यात चालले. सात कोस." इथं ती थांबली, लिहिणाऱ्याला गाठता येईल एवढीच थांबली. "दवाखाना बंद होता. परत येताना बाळ पाठीवर जड झालं. मला वाटलं, झोपलं." पदराचं टोक डोळ्याला लागलं, जिथं लागायला हवं तिथंच. "आमच्याकडं लक्ष ठेवा, ताई."

तिनं हात जोडले. मग सोडले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "एवढं पुरंल ना? मोठं पान असंल तर रस्त्याचं पण सांगते."

"आई, मला काय ताई म्हणतेस?"

"तुला नाय म्हटलं. लिहिणाऱ्याला म्हटलं."

"तू... हे पाठ आहे तुझं?"

"तीस वर्सं सांगतेय. पाठ नाय व्हायचं?" नवशी चिडली. "पेपरवाले आले, सायेब आले, संस्थेच्या बाया आल्या. रडली नाय तर म्हणायच्या, धक्का बसलाय हिला. लय रडली तर लिहिता यायचं नाय. मग बसलं अंगवळणी. दर वेळी काय ना काय आलं पाड्यावर. घोंगड्या आल्या. तांदूळ आला. ती विहीर, धोंडी पाणी भरते ती, ती तशीच आली. पाड्याला मिळालं, तर त्याच्या बहिणीला का नको? लिही."

"मला नाही लिहायचं, आई."

"मग इचारलंस कशाला?"

प्रतिक्षानं पेन खाली ठेवलं. खळ्यात कोंबडी शिरली, तिला कोणी हाकललं नाही. प्रतिक्षानं विचारलं,

"कसा होता तो?"

"कोण?"

"माघ्या."

नवशीनं तिच्याकडं असं बघितलं की हा प्रश्न तिला पाठ नव्हता हे लगेच कळावं. पदर डोक्यावरून खाली घसरला होता. तिचा हात मेढीवरून ओट्यावर आला आणि सारवणाचा निघालेला पोपडा सोलू लागला.

"चावरा होता," ती म्हणाली. "लय चावरा. नाचणीच्या ढिगात जाऊन बसायचा, उठवला की चावायचा. तुझ्या बापाच्या दंडावर खूण हाय ना, कोयता लागला सांगतो तो सगळ्यांना. कोयता नाय. माघ्याचं हाय ते." ती हसली, आणि हसतानाच तिचं तोंड वाकडं झालं. यावेळी पदर डोळ्यापर्यंत वेळेत पोचला नाही. "रात्री माझा कान धरून झोपायचा. सोडवला की जागा व्हायचा. मी तशीच पडून राहायची, कूस न बदलता."

प्रतिक्षानं पेन उचललं. नवशीनं तिचं मनगट धरलं.

"हे नको लिहू."

"नाही लिहीत."

"शपथ?"

"नाही लिहीत, आई."

नवशीनं मनगट सोडलं. खाली उतरून तिनं दांडका घेतला, कोंबडीला हुसकलं आणि पाठमोरी होऊन म्हणाली,

"ते पयलं लिही. ते लोकांचंच हाय."

प्रतिक्षानं पाचव्या विषयापुढं खूण केली, वहीचं नवं पान उलटलं आणि वर तारीख घातली.